टेसेल बेटाला एका दिवसात सायकलने वळसा : वडिलांना घेऊन जायचंय, कुठून सुरुवात करू?

मिरजेची लेक (आम्स्टेलफेन)

नमस्कार. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात इथल्या, म्हणजे नेदरलँड्समधल्या, टेसेल बेटावर जायचा बेत आहे, एका दिवसाचा. सकाळी निघायचं, रात्री घरी. मी, माझा दहा वर्षांचा मुलगा आणि बाबा. नवरा त्या आठवड्यात कामासाठी बाहेरगावी आहे आणि आईला बोट लागते, म्हणून ती घरी थांबणार.

बाबांबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण सगळा बेत त्यांच्यासाठीच आहे. वय ६७. प्राथमिक शाळेत मास्तर होते. मिरजेहून बेडगला रोज सायकलवर जाऊन-येऊन, वर्षानुवर्षं. काळी ॲटलस, दांडीचे ब्रेक, कॅरियरला वह्यांचा गठ्ठा. निवृत्तीनंतरही भाजी, बँक, दवाखाना सगळं सायकलवरच. डावा गुडघा दोन वर्षांपासून कुरकुरतो, पण जिना उतरताना जास्त आणि सायकलवर कमी. इथे आल्यापासून माझी जुनी सायकल घेऊन रोज सकाळी जंगलात दहा-पंधरा किलोमीटर फिरून येतात आणि मग चहा घेतात.

आमच्या बैठकीत नेदरलँड्सचा मोठा नकाशा लावलाय. परवा जेवण झाल्यावर बाबांनी वरच्या डाव्या कोपऱ्यातल्या बेटावर बोट ठेवलं आणि विचारलं, "ह्याला सायकलनं वळसा घालता येईल का गं?" इतक्या वर्षांत त्यांनी माझ्याकडे स्वतःसाठी काही मागितल्याचं मला आठवत नाही. त्यामुळे हे नीट व्हावं असं फार वाटतंय. चौथीच्या मुलांना त्यांनी किती वर्षं खारे वारे, मतलई वारे, भरती-ओहोटी शिकवली, पण स्वतः समुद्र पाहिला तो सहलींमध्ये, तीन-चार वेळा.

माझे प्रश्न असे. पूर्ण वळसा साठ किलोमीटरच्या वर जातो, तो एका दिवसात जमेल का? उजवीकडून सुरुवात करावी की डावीकडून? सायकली घरून न्याव्यात की तिकडे भाड्याने घ्याव्यात? आणि वाऱ्याचं काय करायचं? ऑफिसातले डच सहकारी टेसेलचं नाव काढलं की आधी वाऱ्याचंच बोलतात.

वेंगुर्ल्याचा (अल्कमार)

ताई, बाबांचा प्रश्न वाचून लगेच लिहायला बसलो. गेली अकरा वर्षं मी दरवर्षी एकदा तरी टेसेलला सायकल घेऊन जातो. बेटाची लांबी साधारण पंचवीस किलोमीटर आणि रुंदी आठ-नऊ, सायकलचे रस्ते सगळे मिळून १४० किलोमीटरच्या आसपास. त्यामुळे वाट चुकली तरी काही बिघडत नाही, कुठूनही समुद्र किंवा चर्चचा मनोरा दिसतो. (नावात एक्स असला तरी उच्चार टेसेलच, हे बरोबर लिहिलंत.)

उजवीकडून की डावीकडून हे आज ठरवूच नका. निघायच्या दिवशी सकाळी सहा वाजता वारा बघा आणि मग ठरवा. मी पाळतो तो नियम एकच. पूर्वेच्या बांधावर वारा पाठीला हवा, आणि वाऱ्याच्या तोंडावर जायचं असेल तेव्हा पश्चिमेच्या झाडीतून जायचं.

कारण सांगतो. बोट तुम्हाला बेटाच्या दक्षिण टोकाला सोडते आणि लाल दीपगृह आहे उत्तर टोकाला. पूर्वेला वाडन समुद्राच्या कडेने मातीचा उंच बांध आहे. त्यावर गवत, गवतावर मेंढ्या आणि डोक्यावर आकाश. झाड औषधालासुद्धा नाही. समोरून वारा असेल तर तिथे पॅडल मारणं म्हणजे आपल्याकडचा घाट चढणं, फक्त हा घाट वीस किलोमीटर संपत नाही. पश्चिमेला मात्र वाळूच्या टेकड्या आहेत आणि डेन होर्न ते डे कोख या पट्ट्यात मुद्दाम लावलेलं जंगल आहे, त्याला डे डेनेन म्हणतात. त्यात शिरलं की कानातला आवाज एकदम थांबतो.

इथला नेहमीचा वारा नैर्ऋत्येचा. तो असेल तर बोटीतून उतरून उजवीकडे वळा, बांधाने औडेस्खिल्ड, मग ओस्टेरएंडच्या बाजूने डे कॉक्सडॉर्प आणि दीपगृह. वारा ढकलत नेईल. येताना स्लुफ्टर (टेकड्यांच्या खिंडारातून समुद्र आत येतो ती जागा), डे कोख आणि जंगलातून डेन होर्न. पण एप्रिल-मेमध्ये ईशान्येचा कोरडा थंड वाराही बरेचदा असतो. तो असेल तर सगळं उलट करायचं. सकाळी ताज्या पायांनी जंगलातून उत्तरेला चढायचं आणि दुपारी बांधावरून पाठीवर वारा घेत बोटीकडे यायचं.

आकड्यांत सांगायचं तर डच हवामानात वाऱ्याचा जोर बोफोर्टमध्ये देतात. ४ म्हणजे ताशी २० ते २८ किलोमीटर, ५ म्हणजे २९ ते ३८, ६ म्हणजे ३९ ते ४९. बाबांसोबत ४ पर्यंत पूर्ण वळसा करा. ५ असेल तर निघा, पण ओस्टेरएंडला थांबून गुडघ्याला विचारा. ६ असेल तर दिवस बदला. हे मी हात जोडून सांगतो, कारण ६ मध्ये बाजूचा झोत आला की दहा वर्षांचं पोर सायकलसकट गवतात जातं. माझी पुतणी गेली होती.

वाऱ्याची आणखी एक सवय लक्षात ठेवा. नैर्ऋत्येचा वारा वाढत गेला, ढग खाली आले आणि एक जोरदार सर येऊन गेली, की बहुतेक वेळा वारा फिरून वायव्येचा होतो. सर येताना दिसली तर पाऊण तास कुठेतरी आडोशाला काढा. तेवढ्या वेळात तुमच्या परतीचा वारा बदलू शकतो.

आता बोट. अलीकडच्या किनाऱ्यावरच्या डेन हेल्डरहून दर तासाला अर्ध्यावर सुटते, टेसेलहून बरोबर तासाला. वीस मिनिटांचा प्रवास. तिकीट डेन हेल्डरलाच काढायचं, तेच जाऊन-येऊन चालतं, आरक्षण लागत नाही. टेसेलहून शेवटची बोट रात्री नऊची. मेमध्ये सूर्य त्यानंतर मावळतो, तेव्हा उजेडाकडे बघून वेळेचा अंदाज करू नका, घड्याळ बघा. बाबांना एक गोष्ट जरूर सांगा. ही बोट ज्या कंपनीची आहे, ती टेसेलच्याच लोकांनी १९०७ मध्ये भाग विकत घेऊन उभी केली. आधीच्या बोटवाल्याच्या कारभाराला कंटाळून बेटावरच्या डॉक्टर वाखेमाकर यांनी पुढाकार घेतला होता. आजही एका बोटीला त्यांचं नाव आहे. सांगलीकडच्या माणसाला सहकाराचं वेगळं समजावून सांगायला नको.

सायकली भाड्यानेच घ्या. स्वतःची न्यायची तर आगगाडीत सायकलचं वेगळं तिकीट, आणि सोमवार ते शुक्रवार सकाळी साडेसहा ते नऊ आणि दुपारी चार ते साडेसहा सायकल चढवू देत नाहीत. शनिवार-रविवारी चालते, पण तीन सायकली आणि एक मूल घेऊन स्लोटरडाइकला गाडी बदलणं नको. बोट लागते तिथेच भाड्याचं दुकान आहे. बाबांसाठी बॅटरीची घ्या. त्यांना आवडणार नाही, मला माहीत आहे. सांगा की बटण बंद ठेवून चालवा, परतीला लागली तरच लावा.

बघण्यासारखं खूप आहे, मी फक्त माझ्या जिवाजवळचं सांगतो.

औडेस्खिल्डच्या बंदरासमोर जो शांत समुद्र दिसतो तिथे सतराव्या-अठराव्या शतकात डच ईस्ट इंडिया कंपनीची जहाजं नांगर टाकून अनुकूल वाऱ्याची वाट बघत थांबायची, कधी कधी आठवडेच्या आठवडे. तिथल्या काप स्किल संग्रहालयात त्या सगळ्या ताफ्याची मोठी प्रतिकृती मांडली आहे. बुडालेल्या जहाजातून पाणबुड्यांना २०१४ मध्ये मिळालेला सतराव्या शतकातला रेशमी झगाही तिथेच आहे. या जहाजांना प्यायचं पाणी जायचं ते मागच्या उंचवट्यावरच्या विहिरींतून. त्या पाण्यात लोह जास्त, म्हणून ते पिंपात बरेच दिवस टिकायचं. पाणी विकून येणारा पैसा डेन बुर्खच्या अनाथाश्रमाला जायचा, म्हणून त्यांना अनाथांच्या विहिरी म्हणतात.

मी पहिल्यांदा त्या विहिरीपाशी उभा राहिलो तेव्हा बराच वेळ तिथून हललो नाही. माझ्या गावात, वेंगुर्ल्यात, डचांची वखार होती, १६३७ पासूनची. तिच्या पडक्या भिंतींवरून आम्ही लहानपणी उड्या मारल्या आहेत. त्या वखारीत जी माणसं आली, त्यांनी हॉलंडचं शेवटचं पाणी भरून घेतलं असेल ते बहुधा इथलं.

दुसरं म्हणजे मेंढ्यांचे खोपटे. इथे त्यांना स्खापेनबूट म्हणतात. घराला मध्ये उभं कापून अर्धंच ठेवावं तसं दिसतं. एका बाजूने शाकारलेलं छप्पर उतरत उतरत जवळजवळ जमिनीपर्यंत येतं आणि दुसरी बाजू सरळ उभी भिंत. उतरती बाजू पश्चिमेकडे किंवा नैर्ऋत्येकडे, म्हणजे वारा वरून घसरून जातो. आत चारा आणि अवजारं, आणि वादळात मेंढ्या उभ्या भिंतीच्या आडोशाला बाहेरच उभ्या राहतात. बाजूला शेताला मातीच्या ढेकळांचे कमरेएवढे बांध, आमच्याकडे चिऱ्याचा गडगा घालतात तसे. मोबाइलची बॅटरी संपली तरी खोपटाच्या छपरावरून दिशा कळते.

बाकी लागेल तसं विचारा. तारीख कळवा, मी आदल्या दिवशी वारा बघून लिहीन.

पोळी आणि पॅडल (आइंडहोवन)

वरचा प्रतिसाद मी जपून ठेवलाय. त्यात एक फार महत्त्वाची गोष्ट राहिली म्हणून लिहिते.

ब्रेक! इथल्या भाड्याच्या कितीतरी सायकलींना हाताचा मागचा ब्रेक नसतो, पॅडल उलटं फिरवलं की चाक थांबतं. आपल्याकडच्या माणसांना सायकल चालवताना मध्येच पॅडल मागे फिरवायची सवय असते, थांबण्याआधी पाय जागेवर आणायला. माझ्या सासऱ्यांनी पहिल्याच दिवशी तसं केलं, चाक जागीच अडकलं आणि ते हँडलवर आपटले. हाड मोडलं नाही, पण त्यानंतर ते सायकलवर बसले नाहीत, आणि ते मला आजही लागून राहिलंय. तेव्हा दुकानात "हांडरेम" असं स्पष्ट म्हणा, म्हणजे हाताचे ब्रेक. दोन्ही हातांचे दाबून बघा. सीट नीट आवळली आहे का तेही बघा, आणि निघायच्या आधी बाबांना तिथल्या मोकळ्या जागेत पाच चकरा मारू द्या. उजव्या बाजूने चालवायची सवय त्यांना झालीच असेल.

खाण्याचं म्हणाल तर औडेस्खिल्ड सोडल्यावर बांधाला लागलात की डे कॉक्सडॉर्पपर्यंत काही मिळेल असं धरून चालू नका. आम्ही धपाटे, दह्याची चटणी, शेंगदाणे-गूळ नेलं होतं. पोळीची गुंडाळीच करा. डबा उघडून पसरून बसायचं म्हणाल तर कागदी रुमाल, झाकण सगळं उडतं. डे कॉक्सडॉर्पजवळ लाबोरा नावाचं शेतावरचं आइस्क्रीमचं दुकान आहे, मुलाला तेवढं आमिष पुरतं.

कान झाका. ऊन असलं तरी वाऱ्याने कान ठणकतात आणि रात्री डोकं दुखतं. बाबांकडे माकडटोपी असेलच, लाजू नका म्हणावं, त्याहून चांगलं काही नाही. मुलाला डोळ्यांवर चष्मा हवा, पश्चिमेला वाळू उडते. आणि वारा गार असल्यामुळे ऊन लागतंय हे कळत नाही, संध्याकाळी नाक सोललेलं असतं. मलम लावाच.

बांधावर जागोजागी मेंढ्यांसाठी फाटकं आणि लोखंडी नळ्यांच्या जाळ्या आहेत. जाळीवरून सरळ जायचं, वळत वळत जायचं नाही. लेंड्यांवरून ओल्या रस्त्यावर चाक घसरतं.

निवांत सायकल (हार्लेम)

थोडं वेगळं मत मांडतो. साठ किलोमीटरचा हट्ट कशासाठी? दक्षिणेचा अर्धा भाग केलात तर पस्तीस-एक किलोमीटर होतात. बोटीपासून डेन होर्न, जंगल, डे कोख, तिथून आत डेन बुर्ख, मग उंचवट्यावरून औडेस्खिल्ड आणि परत. उंचवटा पंधरा मीटरचाच, पण बेटावर त्याला उंच डोंगर असंच नाव आहे.

त्या उंचवट्यावर जॉर्जियन सैनिकांची दफनभूमी आहे. जर्मनांनी युद्धकैदी करून आपल्या सैन्यात घातलेले सोव्हिएत जॉर्जियातले हे जवान. ५ एप्रिल १९४५ च्या रात्री त्यांनी उठाव केला. ५ मेला नेदरलँड्समधल्या जर्मन सैन्याने शरणागती पत्करली, तरी या बेटावर मारामारी २० मेपर्यंत, कॅनडाचे सैनिक येईपर्यंत चालू राहिली. शंभरावर गावकरीही त्यात गेले. आम्ही तिथे अर्धा तास थांबलो होतो. माझ्या आईने तिथल्या लाल गुलाबांच्या वाफ्यापाशी चप्पल काढली. वेळेच्या मागे लागलात तर असं थांबणं होत नाही, एवढंच माझं म्हणणं.

वेंगुर्ल्याचा (अल्कमार)

दादांचं म्हणणं मला पटतं, आणि बाबांनी "बेट बघू या" म्हटलं असतं तर मीही हेच सुचवलं असतं. पण त्यांनी वळसा घालता येईल का असं विचारलंय. तेव्हा निघताना पूर्ण वळशाचा बेत ठेवा आणि ओस्टेरएंडला मोडता येईल अशी तयारी ठेवा. तिथून डेन बुर्ख आत जवळच आहे. अळंबीसारखे बुटके दिशादर्शक खांब दिसतील, त्यांवर गावांची नावं आणि अंतर असतं.

उठावाची खूण दीपगृहातही आहे. १८६४ चा तो मनोरा त्या लढाईत इतका फुटला की युद्धानंतर जुन्या भिंतीला बाहेरून नवी भिंत घातली. आत जिना चढताना दोन भिंतींच्या मधली जागा लागते, तिथे जुन्या विटांवर गोळ्यांच्या खुणा अजून दिसतात. बाबांचा गुडघा असेल तर ते खाली बसतील, मुलाला घेऊन तुम्ही चढा.

मिरजेची लेक (आम्स्टेलफेन)

सगळ्यांचे मनापासून आभार. शनिवार नक्की केलाय. अंदाज नैर्ऋत्य ४, दुपारनंतर ५, दोनच्या सुमाराला पाऊस. बाबांना बॅटरीच्या सायकलचं सांगितलं तर पाच मिनिटं गप्प बसले आणि मग म्हणाले, "बटण माझ्या हातात राहील ना?" वेंगुर्ल्याचे दादा, जायचं ना?

वेंगुर्ल्याचा (अल्कमार)

जा. साडेनऊची बोट पकडा, म्हणजे पाऊस यायच्या आत उत्तर टोकाजवळ असाल. बोटीतून उतरल्यावर उजवीकडे. दोनला डे कॉक्सडॉर्पच्या पुढे मागे कुठेतरी छपराखाली बसा. औडेस्खिल्डला अकरा मिनिटांचा चहा प्या, तासाचा नको. संग्रहालय पुढच्या खेपेला.

मिरजेची लेक (आम्स्टेलफेन)

जाऊन आलो. काल रात्री लिहायचं होतं, पण पाय आणि डोळे दोन्ही मिटले. लांबलचक लिहिते, कंटाळू नका.

साडेनऊची बोट मिळाली. मुलगा वरच्या डेकवर सीगल पक्ष्यांच्या मागे, बाबा कठड्याला धरून पूर्ण वीस मिनिटं उभे. दुकानात मी "हांडरेम" म्हटलं आणि त्यांनी बदलून दिली. पाच चकरा मारल्या. माझ्याच सायकलची सीट आवळायची राहिली, सहा किलोमीटरवर ती हळूहळू खाली सरकत गेली आणि माझे गुडघे हँडलला लागायला लागले. बाबांनी थांबवून बघितलं, पटकन सोडवायचा खटका सैल होता. दुकानातून कुणाला बोलवायला हवं असं मी म्हणेपर्यंत त्यांनी खिशातला रुमाल चार पदरी घडी करून नळीभोवती गुंडाळला, सीट त्यावरून आत ठोकली आणि खटका दाबला. संध्याकाळपर्यंत ती तसूभरही हलली नाही.

औडेस्खिल्ड ते ओस्टेरएंड काय सांगू! वारा खरंच हातानं ढकलावं तसा ढकलत होता. ओहोटी होती. बांधाच्या पलीकडे समुद्र लांब गेलेला आणि चकचकीत चिखलात शेकडो पक्षी. बाबांनी सायकल गवतात आडवी केली आणि मुलाला खाली बसवून ओहोटी का होते ते समजावून दिलं. चिखलात काठीने पृथ्वी काढली, चंद्र काढला. पाणी कुठून आलं आणि कुठे गेलं हे विचारताना त्यांचा आवाज शाळेतला झाला होता, मी तो आवाज घरात कधी ऐकला नव्हता. तेवढ्यात पांढरे मोठे पक्षी दिसले, चोच पुढे चपटी. बाबा म्हणाले, "अरे, हे तर चमचे! हे आपल्या भिगवणला येतात." पाण्यात चोच डावीउजवीकडे फिरवत चालले होते, विळा फिरवावा तशी.

मेंढ्यांचं खोपटं त्यांनीच आधी ओळखलं. दोन-तीन मिनिटं बघत राहिले आणि म्हणाले, "वाऱ्याकडे पाठ करून बसलंय." मग छपराच्या उताराला हात लावून दिशा सांगितली, मी मोबाइलवर बघितली, नैर्ऋत्यच.

ओस्टेरएंडला गुडघ्याला विचारलं. गुडघा हो म्हणाला. खरं तर बाबा काही बोललेच नाहीत, धपाटं संपवलं आणि सायकलवर बसले.

दीड वाजता आकाश काळं झालं. आम्ही लाबोराला पोचलो आणि दहाव्या मिनिटाला पाऊस आडवा आला, काचेवर मूठभर गहू फेकल्यासारखा आवाज. मुलाची दोन आइस्क्रीमं झाली. बाबांनी माकडटोपी काढून पिळली आणि खिडकीतून बाहेरचा झेंडा बघत बसले. पंचेचाळीस मिनिटं त्यांनी त्या झेंड्यावरून नजर काढली नाही. पाऊस थांबला, आणि झेंडा आधी गोंधळल्यासारखा लोंबला, मग दुसऱ्या बाजूला उडायला लागला. बाबा उभे राहून म्हणाले, "फिरला. चला आता." वायव्य! वेंगुर्ल्याचे दादा, तुम्ही लिहिलं होतं ते मी त्यांना मुद्दामच सांगितलं नव्हतं.

दीपगृहात मी आणि मुलगा चढलो. गोळ्यांच्या खुणांत त्याने बोट घालून बघितलं आणि उतरेपर्यंत एक शब्द बोलला नाही. बाबा खाली वाळूत बसले होते.

परतीला स्लुफ्टरच्या जिन्याशी थांबलो. टेकड्यांच्या भिंतीला मोठं खिंडार आहे आणि त्यातून समुद्र सरळ आत येतो. बाबा जिना हळू हळू एक एक पायरी चढले. वर उभं राहून, टोपी हातात धरून, बराच वेळ. मी फोटो काढला नाही. मग डे कोख आणि जंगल. जंगलात शिरल्यावर आवाज थांबतो म्हणालात, तसंच झालं. इतकं शांत की मुलाने विचारलं, "आजोबा, कान गेले का?" बॅटरीचं बटण बाबांनी एकदाच लावलं, डे कोखच्या अलीकडे, चार किलोमीटर, आणि लावतोय असं सांगून लावलं.

एकूण ६३ किलोमीटर. सातची बोट मिळाली. गुडघा आज सुजलेला नाही, आईने तरी तेल लावलंच. विहिरी आणि दफनभूमी राहिली, हार्लेमच्या दादांनी सांगितलं होतं तेच झालं. बाबा जूनमध्ये परत जायच्या आधी मी आणि ते दोघंच तेवढ्यासाठी पुन्हा जाणार आहोत.

आज सकाळी ते नकाशासमोर उभे होते. म्हणाले, त्या वेंगुर्लेकरांना विचार, वखार अजून बघता येते का, आणि तिथे वारा कुठला असतो.

वेंगुर्ल्याचा (अल्कमार)

ताई, दोनदा वाचलं, मग बायकोला मोठ्यानं वाचून दाखवलं.

बाबांना सांगा, वखार गावातच आहे. भिंती पडक्या आहेत, पण आवारात फिरता येतं, पावसानंतर झाडोरा फार वाढतो म्हणून पूर्ण बाह्यांचा सदरा घालावा. दिवाळीत आम्ही सगळे घरी असतो. मिरजेहून कोल्हापूर, आंबोलीच्या घाटाने एका दिवसात गाडीने पोचता. सायकली घरी दोन आहेत, एक माझ्या वडिलांची, चोवीस इंची, दांडीच्या ब्रेकची. वारा त्या दिवसांत पहाटे मतलई आणि दुपारी खारा. तेव्हा सकाळी बंदराकडे जायचं आणि जेवायला घरी यायचं, दोन्ही वेळा पाठीला.